ओसरीवरचं बियाणं

मालतीबाईच्या उपासाले वार लागत नाही. सोमवारी महादेवाचा, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा, एवढं तं आपण समजू शकतो. पण बाई आमच्या घरी आल्या बुधवारी, अन् बुधवारीही त्याहीचा उपास होता. कोणत्या देवाचा ते मी इचारलं नाही. माले वाटते, आमच्या घरच्या माठाचा असन.

मालतीबाई पांढुर्ण्याच्या. नवरा मास्तर, घर बजारात, सून कॉलेजात शिकवते. मी शकुंतला, बोरगावची. सौंसरहून बस धरली की बोरगाव कितीसं दूर हाये? पण आमची बौद्धायची वस्ती गावाच्याही पलीकडं, नाल्याजवळ. गावानं आमाले तिथंच जागा देल्ली, अन् वरून म्हणतात, तुमच्याकडं हवा लय छान लागते. हवेचा काही प्रश्न नाही बापा, हवा सगळ्याइची चालते.

श्याऐंशी सालचा दसरा होऊन गेला होता. कणसं सोलून झाली होती. माहा नवरा हिरामण संत्र्याच्या बगीच्यात कामाले गेला होता, अन् मी अंगण सारवून राह्यली होती, तं दोन बाया दारात उभ्या. एक मालतीबाई, पदर नाकाले लावलेला. दुसरी त्याहीची सून अनुराधा, खांद्याले झोरा, हातात कागदाची पाकिटं. मी हात धुतले, ओसरीवर बाज टाकली, पाणी आणलं.

"नको," मालतीबाई म्हणाल्या. "आज माझा उपास आहे."

"पाणी हाये बाई. भाकर नाही आणली."

"निर्जळी आहे."

"मंग म्याडमसाठी चहा ठेवू काय?"

सून तोंड उघडणार, तं सासूनं तिच्याकडं असं पाह्यलं की पोरीचं तोंड आपोआप मिटलं. "मलाही नको," ती म्हणाली. "आत्ताच झाला."

आत्ताच झाला म्हणे! बसस्टँडपासून आमच्या घरापर्यंत चहाचं एक दुकान नाही. काय कडुलिंबानं पाजला?

जाऊ द्या. असे पाव्हणे आमाले नवीन नाही. ओसरीपर्यंत येतात, बाजेच्या काठावर बसतात, अर्धे बाजेवर अन् अर्धे हवेत, काम सांगतात अन् जातात. मालतीबाई तं बाबासाहेबायच्या फोटोकडं पाठ करून बसल्या. आत चुलीपाशी आमी काय शिजवतो, उंदरं नाचतात की सोनं टांगलं हाये, ह्याच्याशी त्याहीले काय करायचं!

सून मात्र बोलायले गोड. "शकुंतलाबाई, मला तुमच्या घरची गावरान मका हवी होती. तीन-चार कणसं. मी त्याच्यावर पीएचडी करून राहिली आहे."

"मक्केवर?"

"मकेच्या दाण्यात डोळ्यांना दिसत नाहीत असे बारीक धागे असतात. गुणसूत्रं म्हणतात त्यांना. ती मोजायची. अन् एका पेशीत असा एकूण किती माल भरला आहे, तेही पाहायचं. नागपूरच्या आमच्या सरांचं म्हणणं आहे, गावागावाच्या गावरान मकेत तो वेगवेगळा असतो. खाली सौंसरकडं जास्त, वर घाटावर छिंदवाड्याकडं कमी."

"सरानं मोजून पाह्यलं काय?"

"नाही. परदेशातल्या मकेत कोणीतरी मोजलं. सरांनी ते वाचलं."

असं हाये तं! परदेशातल्या मक्केत काय हाये ते नागपूरच्या साहेबाले ठाऊक होतं. आता बोरगावच्या मक्केनं तसंच वागायचं होतं, अन् ती वागते की नाही, हे पाहायले ही पोरगी बसचे धक्के खात फिरून राह्यली होती.

आता आमच्या घरच्या मक्केचं सांगते. ओसरीच्या बल्लीले कणसायचा एक झुबका टांगला होता. पिवळाधम्मक, सगळी कणसं एका मापाची, दाणे शाळेतल्या पोरायसारखे ओळीत बसलेले. ते बिलाकचं, म्हणजे सरकारी शेती हापिसाचं बियाणं. आदल्या साली बिलाकचा साहेब वस्तीत आला, एक पाकीट माह्या हातात देल्लं, फोटो काढला, पाकिटासकट मी फोटोत आली अन् तो गेला. आमी ते नाल्यापलीकडच्या वावरात पेरलं. कणसं मोठी आली, कबूल. भाकरीले चव अशी, की माणसानं पोस्टकार्ड भाजून खावं. पण साहेब त्याच रस्त्यानं जाते-येते. ओसरीवर त्याचं बियाणं दिसलं की त्याले बरं वाटते, अन् खताच्या चिठ्ठीसाठी आमाले चकरा कमी पडतात. म्हणून ते ओसरीवर.

अन् आमची गावरान आत, चुलीवर. माह्या सासूची सासू लावे, मंग सासू लावे, आता मी लावते, घरामागच्या बाडीत. बियाण्याची कणसं चुलीच्या वर धुरात टांगली की किडा लागत नाही. आमच्या इकडं बियाण्याची जागाच ते हाये. पण चुलीपर्यंत पोचायचं तं माणसाले आत यावं लागते.

मी ओसरीवरची चार कणसं काढली अन् देल्ली. "घ्या, आमची मक्का."

खोटं बोलली काय मी? पेरली आमी, निंदली आमी, तोडली आमी. आमची नाही तं काय मालतीबाईच्या बापाची होती? ज्याले माहं पाणी चालत नाही, त्याच्यासाठी मी चुलीवरच्या बियाण्याले हात लावू? अन् पाव्हण्याले चांगलं दिसते तेच द्यावं, ही तं रीतच हाये. ओसरीवरची दिसायले एकदम नवरीसारखी होती.

मालतीबाईनं कणसं हातात घेऊन उलटीपालटी केली. उपास मोडला नाही. मक्केले विटाळ होत नसन.

"किती टपोरी आहेत गं!" त्या सुनेले म्हणाल्या. "गावरान ते गावरानच. पाहताक्षणी ओळखू येतं."

मी पदर तोंडाले लावला. माय वं, हसू आवरता आवरे ना.

संक्रांतीच्या हप्त्यात सून एकटीच आली. सासू सौंसरले नात्यातल्या घरी हळदीकुंकवाले बसली होती, तेवढ्यात हिनं बस धरली होती. बाजेवर बसली नाही. पायरीवरच बसली अन् रडायले लागली. मी घाबरली. माले वाटलं, घरात कोणी गेलं की काय.

"वीस," ती म्हणे. "सगळ्यांची वीसच."

"काय वीस, बापा?"

"गुणसूत्रं. बोरगावची वीस, मोहगावची वीस, सौंसरची वीस, पांढुर्ण्याची वीस, घाटावरच्या गावाची वीस. मालही तेवढाच, कणभर कमी-जास्त नाही. दाणे भिजवते, मूळ फुटलं की टोक कापते, रंगवते, काचेवर ठेवून अंगठ्यानं चेंगरते, अन् मायक्रोस्कोपला डोळा लावून मोजत बसते. डोळे फुटायची वेळ आली माझी. अन् सर म्हणतात, तू गावांत गेलीच नाहीस. दुकानातून एक पाकीट आणलंस अन् त्याच्यावर गावांची नावं टाकलीस."

आता ह्याले काय म्हणावं! साहेब काही चुकला नव्हता. पाकीट एकच होतं. फक्त दुकानातलं नव्हतं, बिलाकचं होतं, गावोगाव वाटलेलं.

"मंग आता?" मी इचारलं.

"होळीपर्यंत सरांची सही झाली नाही, तर पीएचडी गेली. कॉलेजातली जागा कच्ची आहे, तीही गेली. आई तर वाटच पाहून राहिल्या आहेत. म्हणतात, नोकरी सुटली की घरी बसून पापड लाट. मका मोजून कोणाचं पोट भरलं?"

खरं सांगते, आधी मनात आलं, बरं झालं, बसा आता बाजेच्या काठावर. पण पोरगी अशी रडे, की नाक पुसायचं भान नाही. चांगली कॉलेजातली म्याडम, अन् माह्या पायरीवर लेकरासारखी. हट् म्हटलं, राग सासूचा अन् भोगते ही.

"जेवली काय?" मी इचारलं.

"नाही."

"उपास हाये?"

तिनं माह्याकडं पाह्यलं. रडता रडता हसली. "मला कधीच नव्हता, शकुंतलाबाई."

"मंग ऊठ पोरी. आत ये."

उठली. दारात थोडी थांबली, मागं रस्त्याकडं पाह्यलं, मंग चपला काढल्या अन् आत आली. अन् थाडकन कपाळ आपटलं. आमच्या दारातून आत गेलं की दोन पावलावर एक आडवी लाकडी बल्ली हाये. आमाले सवय हाये, आमी झोपेतही वाकतो. पाव्हण्याले सवय नाही, कारण पाव्हणा तिथपर्यंत येतच नाही. टेंगूळ आलं. मी हळद लावली, चुलीपाशी पाट देल्ला, अन् ताटात भाकर वाढली, वांग्याचं भरीत, वरून कच्चं तेल.

दोन घास खाल्ले अन् ती थांबली. "ही भाकर कशाची?"

"मक्केची."

"तुम्ही मला दिली होती त्या मकेची?"

"त्या मक्केची भाकर कोण खाईन, पोरी?"

तिनं वर पाह्यलं. चुलीवर, धुरानं काळ्या झालेल्या दोरीले कणसं लटकून राह्यली होती. वीतभर लांबीची, काही वाकडी, काही ठेंगणी. कोणी लाल, कोणी पांढरं, कोणी जांभळं, कोणी अंगावर गोंदल्यासारखं ठिपक्या-ठिपक्याचं. एकासारखं दुसरं नाही.

"हे कोणाचं?"

"आमचंच. माह्या सासूच्या सासूचं."

"गावरान?"

"मंग काय इलायती?"

"मग मला ते दुसरं काहून दिलं?" हातातला घास हातातच. पोरीचा आवाज चढला. "तीन महिने, शकुंतलाबाई! तीन महिने मी ते मोजून राहिली होती!"

"तू ओसरीवर बसली होती ना," मी म्हटलं. "ओसरीवर बसणाराले ओसरीवरचं. चुलीपाशी बसणाराले चुलीवरचं."

ती मान खाली घालून भाकर मोडत राह्यली. मंग हळूच म्हणाली, "पण बाकीच्या गावांतल्या मोठ्या घरांत तर मी आत गेली होती. स्वयंपाकघरात बसून जेवली होती."

"त्याहीच्या चुलीवर आता गावरान उरली कुठं? बिलाकचं नवं बियाणं आलं की आधी त्याहीच्या घरी जाते. आमच्यापर्यंत कोणतीच गोष्ट लवकर येत नाही. म्हणून आमच्याकडं जुनं राह्यलं. गावाचे उपकारच म्हणा."

पुन्हा एक घास खाल्ला. माह्या डोक्यात मात्र एक गोष्ट घोळून राह्यली होती.

"माणसात किती धागे राह्यते?" मी इचारलं.

"छेचाळीस."

"सगळ्याइच्यात?"

"सगळ्यांच्यात."

"तुह्या सासूच्यात?"

"हो."

"अन् माह्यात?"

"तुमच्यातही छेचाळीसच."

"मंग उपास कायचा करतात वं?"

तिले असं हसू आलं की घास घशात अडकला. मी लोटा देल्ला. घटाघटा सगळा लोटा पिऊन गेली, अन् आणखीन मागितला.

जाताना मी गावरानची सहा कणसं झोऱ्यात घालून देल्ली. दारात तिनं माहा हात धरला. "एक करा. मी आत आली होती, जेवली होती, हे आईंना कळू देऊ नका. मला त्या घरात राहायचं आहे."

"माहं तोंड शिवलेलं हाये," मी म्हटलं. पाहा बरं गंमत. माही मक्का नागपूरले जाणार, काचेखाली बसणार, मोठमोठे साहेब तिले डोळा लावून पाहणार. तिची भाकर पोरीनं खाल्ली, एवढंच लपवायचं होतं.

महिन्याभरानं सौंसरच्या बजारात भेटली. सासू पलीकडं बांगडीवालीशी घासाघीस करून राह्यली होती, तेवढ्यात ही धावत आली. तोंड कसं फुललेलं!

"वीस नाहीत!" ती म्हणे. "एका रोपात एकवीस, एकात बावीस, एकात तर चोवीस! वीस नेहमीची, अन् वर लहान लहान जास्तीची. मालही जास्त निघाला. एका कणसाचं दुसऱ्याशी जुळत नाही."

"अन् हे जास्तीचे काय काम करतात?"

"पुस्तकात लिहिलं आहे, काहीच नाही. त्यांच्यावाचून झाडाचं काही अडत नाही. पण ती जातही नाहीत. पिढ्यान् पिढ्या सोबत येतात."

"असं! म्हणजे नाल्याजवळचे म्हण ना."

ती हसली. पण मंग तोंड उतरलं. "सर मानायला तयार नाहीत. म्हणतात, काचेवरचा कचरा मोजलास. एकाच घरची मका आधी वीस अन् आता चोवीस कशी? ते स्वतः येणार आहेत तुमच्या घरी."

होळीच्या चार दिवस आधी जीप आली. त्यातून साहेब उतरले, रघुनाथराव. सफारी, काळा चष्मा, खिशाले तीन पेन. मागून अनुराधा. तिच्या मागून मालतीबाई, कारण सुनेनं परक्या माणसासंगं जीपमध्ये एकटीनं कसं बसायचं? हिरामण त्या दिवशी घरीच होता. त्यानं शाळेतून खुर्ची आणून ठेवली होती.

"चहा ठेवते," मी म्हटलं.

"मला डायबेटिस आहे," साहेब म्हणाले.

"बिनसाखरेचा ठेवते."

"दुधानं पित्त होतं."

"काळा ठेवते."

"आत्ताच झाला."

पुन्हा तेच! ह्याही साहेबाले कडुलिंबानंच पाजला होता. मालतीबाईले तं मी इचारलंच नाही. त्या दिवशी एकादशी असन, नसन तं त्याहीनं करून घेतली असन.

साहेबानं चष्मा काढला. "तर हे ते घर. अनुराधा, दसऱ्याला याच घरची कणसं, वीस. संक्रांतीला याच घरची कणसं, चोवीस. तीन महिन्यांत मकेला चार गुणसूत्रं फुटली? एक तर तेव्हा तुला मोजता येत नव्हतं, नाहीतर आता तू बनवून राहिलीस. काय ते आत्ता सांग. माझी सही त्याच्यावर व्हायची आहे."

उत्तर आमाले सगळ्याइले ठाऊक होतं. माले, हिरामणले, तिले. एवढंसं उत्तर. पहिल्यांदा ओसरीवर बसली, दुसऱ्यांदा चुलीपाशी. पोरीनं सासूकडं पाह्यलं. सासू बाजेच्या काठावर, अर्धी हवेत, पदर सावरून राह्यली होती.

"सर," अनुराधा म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "पहिल्या वेळी या बाईंनी चुकून सरकारी बियाण्याची कणसं दिली. त्यांना फरक कळला नाही. अडाणी आहेत."

माह्या कानातून वाफ निघाली. हिरामण जागचा उठला. मी डोळ्यानंच त्याले बसवलं.

"मला वाटलंच!" साहेब एकदम खूश झाले. "ह्या लोकांना कुठं कळतं? म्हणून मी नेहमी सांगतो, नमुना आपल्या हातानं काढावा. गावकऱ्यांवर विसंबू नये."

"मी तेव्हाच म्हटलं होतं हिला," मालतीबाई म्हणाल्या. "कणसं पाहूनच मला शंका आली होती."

आली होती ना! किती टपोरी, गावरान ते गावरानच, हे तं मीच म्हटलं असन.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "आता माझ्यासमोर खरी गावरान काढा. मी घेऊन जातो, स्वतः मोजतो. चोवीस निघाली तर सही."

सगळे माह्याकडं पाहायले लागले. अनुराधा नाही. ती जमिनीकडं पाहून राह्यली होती.

मी खोटं सांगत नाही, माही नजर पहिले ओसरीवरच्या पिवळ्या झुबक्यावर गेली. हात वर केला असता, चार कणसं तोडली असती, घ्या साहेब, अडाण्याच्या घरची गावरान. वीसच्या वीस. सही गेली, नोकरी गेली, बस मंग पापड लाटत! एवढा राग आला होता माले. दुसरा रस्ता हा, की आत जायचं, चुलीवरची आणून द्यायची, अन् अडाणी म्हणून घेतलं ते गिळून टाकायचं. एवढी साधी तं मी नाही, बापा.

पण माह्या चुलीपाशी बसून लोटाभर पाणी पिली होती पोरगी. दोन लोटे.

"साहेब, तुमचं बरोबर हाये," मी म्हटलं. "आमाले फरक समजत नाही. मी काढायले गेली तं पुन्हा चुकन. नमुना आपल्या हातानं काढावा, असं तुमीच म्हटलं. मंग म्याडमनंच काढावा." अन् मी तिच्याकडं वळली. तिले माह्या तोंडून 'पोरी' ऐकायची सवय झाली होती. मी म्हटलं, "जा म्याडम. चुलीवर टांगली हायेत."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

"ती कशाला आत जाते?" मालतीबाई म्हणाल्या. "हिलाच आणू द्या ना."

"नाही, नाही," साहेब म्हणाले. "आता ह्यांच्यावर विसंबायचं नाही. जा अनुराधा, लवकर कर. मला नागपूर गाठायचं आहे."

अनुराधानं चपला काढल्या. बाहेर फाल्गुनाचं ऊन असं लख्ख, की दारातून आत पाह्यलं तं नुसता अंधार. मालतीबाई बाजेवरून उठून दारापाशी आल्या, उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राह्यल्या. "सांभाळून गं, काही दिसत नाही आत."

अनुराधा आत गेली. एक पाऊल. दुसरं पाऊल. अन् वाकली.

बल्ली जिथं हाये बरोबर तिथं वाकली. चाचपलं नाही, थांबली नाही, आमी वाकतो तशी वाकली अन् निघून गेली. आतून दोरी सोडल्याचा आवाज आला. पदरात कणसं घेऊन परत येताना पुन्हा तिथंच वाकली.

मालतीबाई उंबऱ्यापाशी तशाच उभ्या होत्या. त्याहीनं दोन्ही वेळा पाह्यलं होतं.

"अनुराधा," त्या म्हणाल्या, "तिथं आडवं लाकूड आहे, हे तुला कसं कळलं?"

दिसलं म्हणून सांगता आलं असतं. पण त्या अंधारात मांजरीले दिसलं नसतं. पोरीनं एकदा माह्याकडं पाह्यलं. माहं तोंड शिवलेलं होतं, तिलेच शब्द देल्ला होता.

"मी इथं जेवली आहे, आई," ती म्हणाली. "संक्रांतीला. यांच्या चुलीपाशी बसून. त्या दिवशी डोकं आपटलं होतं, म्हणून माहीत आहे." मंग ती साहेबाकडं वळली. आता आवाज बारीक नव्हता. "सर, मी खोटं बोलली. बाईंना फरक चांगला कळतो. आम्ही ओसरीवर बसलो अन् यांच्या घरचं पाणी घेतलं नाही, म्हणून आम्हाला ओसरीवरचं मिळालं. वीसचं कारण ते आहे. मोजण्यात चूक नव्हती."

साहेबानं खिशातला एक पेन काढला, पाह्यला, पुन्हा ठेवला. "हे असं प्रबंधात लिहिता येत नाही."

"मग कसं लिहू?"

"आपण लिहू," साहेब विचार करून म्हणाले, "नमुना घेण्याची जागा बदलली."

वा रे साहेब! शिकलेल्या माणसाची गोष्टच वेगळी. एवढं सगळं झालं, अन् त्यानं कसं इस्तरी करून घडीत ठेवून देल्लं. कणसं मात्र त्यानं जपून घेतली, एकेक कागदात गुंडाळून. मोजली की चोवीस निघतीलच, माले त्याची काळजी नव्हती.

मालतीबाई सरळ जीपमध्ये जाऊन बसल्या, तोंड समोर. साहेबही जाऊन बसले. अनुराधा तिथंच उभी होती, उंबऱ्यात, अनवाणी. तिले आता त्याच जीपमध्ये बसून त्याच घरी जायचं होतं, अन् ते तिले ठाऊक होतं.

"शकुंतलाबाई," ती म्हणाली, "चहा आहे का अजून?"

माहा राग कुठं गेला कोण जाणे. डोळ्यात पाणी आलं ते मी धुरावर ढकललं.

"ये पोरी," मी म्हटलं.

ती आत आली, वाकली, अन् चुलीपाशी पाट ओढून बसली. बाहेर जीप भोंगा वाजवून राह्यली होती. मी चहा दोघींचाच ठेवला, अन् साखर जरा जास्तीची टाकली.